गाडीला घाम येतो का?

"बाई, गाडीला पण घाम येतो का हो?"

जूनमधली गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. चौथीच्या वर्गात मी पाण्याची वाफ आणि वाफेचे पाणी हा भाग शिकवत होते. गार पाण्याने भरलेला तांब्या टेबलावर ठेवला होता आणि त्याच्या बाहेरून जमलेले थेंब मुले बोटाने टिपून बघत होती. एवढ्यात मागच्या बाकावरून हा प्रश्न आला.

"आमच्या व्हॅनच्या खाली रोज असेच थेंब पडतात. पण ते काळे असतात."

सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र हसता येईना, कारण काळा घाम कशाचा, हे मलाही नीट सांगता आले नसते. शिक्षकांना सगळे येते असा मुलांचा समज असतो. तो मोडायला मला आवडत नाही, पण खोटे उत्तर देणे त्याहून आवडत नाही. म्हणून मी म्हटले, "मधल्या सुट्टीत आपण बघायला जाऊ."

फाटकाजवळच्या चिंचेखाली व्हॅन उभी होती. वाकून पाहिले, तर खालच्या मातीवर भाकरीएवढा काळा, तेलकट डाग. आम्ही बघत असतानाच वरून एक थेंब टपकन पडला. मुलांनी घड्याळ धरले. बरोबर एका मिनिटाने दुसरा.

व्हॅनचे मामा पुढे आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "काही नाही हो बाई, ऑइल गळतंय. जुनी गाडी आहे. थेंबभर तर जातंय! आठवड्याला वरनं थोडं ओतलं की झालं."

"पण मामा, गाडीत जळका वास येतो," एक मुलगी हळूच म्हणाली. "चढावर तर माझं डोकंच दुखतं."

मामा गप्प झाले. माणूस प्रेमळ. पावसात मुलांची दप्तरे स्वतःच्या डोक्यावरून वाहणारा. पण "थेंबभर" या शब्दावर त्यांचा फार विश्वास होता.

थेंबाचे गणित

मुलांनो, थेंबभर म्हणजे किती? वर्गात परतल्यावर आम्ही हेच गणित मांडले. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा ड्रॉपर घेतला आणि थेंब मोजत १ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत माप भरले. साधारण २० थेंब लागले. तेलाचा थेंब थोडा लहानमोठा असू शकतो, पण अंदाजाला २० हा आकडा चालतो.

इंजिन तापलेले असताना मिनिटाला एक थेंब. दिवसातले सहा तास गाडी तापलेली असते असे धरू. म्हणजे ३६० थेंब, म्हणजेच १८ मिलिलिटर. शाळेचे २५ दिवस धरले तर महिन्याला ४५० मिलिलिटर. आणि दहा महिन्यांत? साडेचार लिटर! मामांच्या गाडीच्या इंजिनात एका वेळी तेल मावते जेमतेम तीन लिटर. म्हणजे वर्षभरात अख्खे इंजिन दीड वेळा रिकामे व्हावे, इतके तेल चिंचेखाली आणि रस्त्यावर सांडत होते.

मग पुढचा प्रश्न आला, "हे तेल जातं कुठं?" पाऊस पडला की मातीतले थोडे तेल गटारात. गटारातून जयंती नाल्यात. नाला मिळतो पंचगंगेला. पंचगंगा पुढे इचलकरंजीकडे वळते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. वर्गातल्या तिघांचे आजोळ नदीकाठच्या गावांत होते. ते तिघे एकमेकांकडे बघू लागले.

पाण्यावर तेल किती पसरते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यात चहाच्या चमच्याभर तेल ओतले होते. त्याची हकिकत १७७४ साली छापून आली. तेवढेसे तेल पसरत पसरत जवळजवळ अर्ध्या एकरावर गेले आणि वाऱ्याने उठलेल्या लाटा तेवढ्या भागात शांत झाल्या. अर्धा एकर म्हणजे आपल्या भाषेत वीस गुंठे! इंजिनाचे तेल अगदी तसेच पसरेल असे नाही. पण रस्त्यावरच्या डबक्यात त्याचा सप्तरंगी तवंग तुम्ही पाहिलाच असेल. दिसायला छान, पण पाण्यातल्या जिवांना घातक.

दुसऱ्या दिवशी मुलांनी हे गणित मामांना वाचून दाखवले. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, डोके खाजवले आणि म्हणाले, "साडेचार लिटर? मग दाखवूया की मेस्त्रीला."

उद्यमनगरात

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शिवाजी उद्यमनगरात गाड्यांची कामे करतात. रविवारी सकाळी मामा व्हॅन घेऊन निघाले. पालकांची परवानगी घेऊन दहा मुले आणि मी, असे आम्हीही त्यांच्यामागून गेलो.

कोल्हापूर म्हटले की पाहुण्यांना अंबाबाई, रंकाळा, कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण या गावाला लोखंडाचीही जुनी ओळख आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०६ साली इथे शाहू मिलची स्थापना झाली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथे लोखंडी नांगर बनू लागले. नदीचे पाणी उचलून उसाला द्यायचे तर इंजिन हवे. म्हणून कोल्हापूरच्या कारागिरांनी शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिने बनवायला घेतली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे इथल्या कारखानदारीत आजही आदराने घेतली जातात. इंजिनाला ओतीव भाग लागतात, म्हणून फाउंड्रीही वाढल्या. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे औद्योगिक वसाहती झाल्या. उद्यमनगरात आजही एका गल्लीत लेथ फिरत असतो आणि पुढच्या गल्लीत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात.

मेस्त्रीकाकांनी आम्हाला बाकावर बसवले. "आधी इंजिन गार होऊ दे," ते म्हणाले. "गरम इंजिनावर काम करायचं नसतं. हात भाजतो आणि कामही बिघडतं."

अर्धा तास नुसते बसायचे! मुले चुळबुळू लागली. मग काकांनी तेवढ्या वेळात इंजिनाची शाळाच घेतली.

इंजिनाच्या डोक्यावरची टोपी

व्हॅनची पुढची सीट उचलली की खाली इंजिन दिसते. त्याच्या सगळ्यात वर एक लांबट झाकण होते. बाहेरून तेल आणि धूळ बसून ते काळे झाले होते.

"हे टॅपेट कव्हर," काका म्हणाले. पुस्तकात याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात. उद्यमनगरात तसे म्हटले तर चहावाला पोऱ्यासुद्धा हसेल, असे काकांचे मत!

या झाकणाखाली काय असते? इंजिनात इंधन आणि हवा आत घ्यायची आणि जळून झालेला धूर बाहेर टाकायचा, यासाठी छोटी छोटी दारे असतात. तेच व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला १५०० वेळा उघडते आणि मिटते. म्हणजे सेकंदाला २५ वेळा. तुम्ही एका सेकंदात किती वेळा डोळे मिचकावू शकता, मोजून पाहा बरे!

इतक्या वेगाने हलणारे लोखंड लोखंडावर घासले तर झिजून जाईल. म्हणून इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीतून एक पंप तेल वर पाठवतो. ते तेल झडपा हलवणाऱ्या दांड्यावर आणि स्प्रिंगांवर पडते, त्यांना ओले ठेवते, त्यांची उष्णता घेते आणि पुन्हा खाली टाकीत उतरते. इंजिन चालू असेपर्यंत हा पाऊस थांबत नाही. झाकणाचे काम एवढेच, की हा पाऊस बाहेर उडू नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये.

आता खरी गंमत. झाकणाची कड आणि इंजिनाची कड, दोन्ही धातूच्या. दोन धातू कितीही गुळगुळीत केले तरी त्यांच्यात बारीक उंचसखल भाग राहतातच. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पातळ झालेल्या गरम तेलाला त्यातून वाट सापडते. म्हणून दोघांच्या मध्ये एक मऊ पट्टी घालतात. तिचे नाव गॅस्केट. आपल्याकडे सगळे तिला पॅकिंग म्हणतात.

"कुकरची रिंग!" एक मुलगी ओरडली.

"अगदी बरोबर," काका म्हणाले. "आणि नळातला वायसर, पाण्याच्या बाटलीच्या झाकणातली चकती, ही सगळी याचीच भावंडं."

बूच, रबर आणि तेल

फार वर्षे ही पॅकिंगे बुचाची असत. बूच म्हणजे एका ओक जातीच्या झाडाची साल. जगातले निम्मे बूच पोर्तुगाल देशातून येते. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. सुमारे नऊ वर्षांनी एकदा साल सोलून काढतात आणि झाड नवी साल धरते. बुचात हवेच्या असंख्य बारीक कप्प्या असतात, म्हणून ते दाबले की दबते. पण जुने झाले की आकसते आणि त्याला चिरा पडतात. आता बऱ्याच गाड्यांत साच्यात घडवलेले रबरी पॅकिंग असते.

हे रबर मात्र आपल्या खोडरबरातले किंवा फुग्यातले नव्हे. झाडाच्या चिकापासून केलेले साधे रबर तेलात फुगते आणि ढिले पडते. म्हणून इंजिनासाठी कारखान्यात खास बनवलेले, तेल आणि उष्णता सोसणारे रबर वापरतात. नायट्राइल रबर हे त्यातलेच एक.

हे घरी करून बघता येईल. सारखेच दोन फुगे घ्या. एकाचा तुकडा वाटीभर पाण्यात ठेवा, दुसऱ्याचा खाण्याच्या तेलात. आठवड्याने दोन्ही तुकडे जवळ ठेवून बघा आणि हलकेच ताणून पाहा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

आधी रोग, मग औषध

इंजिन गार झाले. काकांनी बॅटरीची एक वायर सोडवली. झाकणाच्या आड येणाऱ्या वायरी आणि नळ्या काढताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावून त्यावर १, २, ३ असे आकडे घातले. "जोडताना गोंधळ नको," ते म्हणाले. मला माझी परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे लावायची पद्धत आठवली.

झाकणाचे सहा बोल्ट थोडेथोडे करून सगळे सैल केले, मग काढले. झाकण चिकटून बसले होते. मामांनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. "त्यानं कड खरवडते. एकदा खरवडली की तिथनं जन्मभर गळती." त्यांनी लाकडी हातोडीने झाकणाला बाजूने दोन-तीन हलके ठोके दिले आणि झाकण अलगद सुटले.

जुने पॅकिंग त्यांनी आमच्या हातात दिले. दाबून पाहिले तर पापडासारखे कडक. वाकवताच कटकन मोडले. शिवाय त्यावर सगळीकडे रबरासारखा काळा चिकट लगदा थापलेला होता.

"हे बघा," काका म्हणाले. "कुणीतरी आधी गळती थांबवायला बघितलीय. पॅकिंग बदललं नाही, वरनं सिलंट फासलं आणि बोल्ट आवळले. जीव खाऊन आवळले."

मामा खाली बघू लागले. ते 'कुणीतरी' कोण, हे आम्हाला लगेच कळले!

"मला वाटलं घट्ट केलं की थांबेल," मामा म्हणाले.

"सगळ्यांना तसंच वाटतं," काका म्हणाले आणि कपाटातून एक जाड काच घेऊन आले. झाकण पुसून काचेवर पालथे ठेवले आणि आतून बॅटरीचा उजेड पाडला. कडेखालून दोन ठिकाणी उजेडाची रेघ बाहेर आली. जिथे बोल्ट जास्त आवळले होते तिथे पत्रा दबला होता आणि त्यामुळे मधली कड उचलली गेली होती. जितके आवळावे, तितकी फट मोठी! काकांनी पत्रा लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हाताने सरळ केला. पुन्हा काचेवर ठेवला, पुन्हा उजेड पाडला. तिसऱ्या वेळी रेघ नाहीशी झाली.

एवढे झाल्यावरही नवे पॅकिंग बसवायची त्यांना घाई नव्हती. "आधी इंजिनाचं नाक तपासू." इंजिनात इंधन जळते तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली निसटतो. त्याला बाहेर पडायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती नळी चोंदली की आतला दाब वाढतो आणि तेलाला पॅकिंगच्या कडेने बाहेर ढकलतो.

"कुकरची शिट्टी चोंदली की रिंगमधनं वाफ येते, तसं!" आमची कुकरवाली मुलगी पुन्हा म्हणाली. ती मोठेपणी नक्की मेस्त्री होणार, असे काकांनी तिथेच जाहीर केले.

नळीत काळा गाळ भरला होता. तो साफ झाला.

पाना कसा चालतो

आता इंजिनाच्या उघड्या तोंडावर स्वच्छ फडके अंथरले, जुन्या पॅकिंगचा तुकडा आत पडू नये म्हणून. एक तुकडा जरी तेलाच्या वाटेत अडकला, तरी नवे दुखणे. मग प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही कडा खरवडून, पुसून, बोट फिरवून पाहिल्या. लोखंडी पट्टी का नाही? कारण इंजिनाचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा होता, आणि ॲल्युमिनियमवर लोखंडाने लगेच ओरखडे पडतात. या साफसफाईला सगळ्यात जास्त वेळ लागला. पॅकिंग बसवायला पाच मिनिटे आणि पुसायला पाऊण तास!

नवे पॅकिंग झाकणाच्या खोबणीत नीट बसवले. कुठे पीळ नाही, कुठे घडी नाही. सिलंट लावले, पण फक्त दोन कोपऱ्यांत, तेही तांदळाच्या दाण्याएवढे. तिथे इंजिनाच्या दोन भागांचा जोड येतो, म्हणून गाडीच्या पुस्तकात तेवढ्याच जागी सांगितले होते. बाकी सगळीकडे कोरडे.

झाकण सरळ वरून ठेवले. सहाही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवले. मग पाना घेतला. मला वाटले, एका टोकाने सुरुवात करून ओळीने आवळत जातील. पण नाही. आधी मधला बोल्ट, मग त्याच्या समोरचा, मग कोपऱ्यातला, मग तिरका समोरचा. प्रत्येकाला थोडे थोडे. पुन्हा पहिल्यापासून. असे तीन वेळा.

असे का, ते तुमच्या जेवणाच्या डब्यावर कळेल. डब्याच्या घट्ट झाकणाची एकच बाजू दाबा, दुसरी बाजू वर उचलली जाते. दोन्ही हातांनी समोरासमोर दाबा, झाकण सरळ बसते.

शेवटच्या फेरीला काकांनी टॉर्क रेंच घेतला. हा पाना किती जोर लागला ते मोजतो. पुस्तकात आकडा होता ८ न्यूटन-मीटर. हे किती? पाचवी-सहावीच्या मुलांनो, हिशेब करा. २० सेंटिमीटर लांब पाना आडवा धरला आणि त्याच्या टोकाला ४ किलोची पिशवी टांगली, तर जवळजवळ एवढाच पीळ बसतो. म्हणजे हे लहान मुलाचेही काम! मोटारगाडीच्या चाकांच्या नटांना याच्या साधारण दहापट जोर लागतो. मामांनी झाकणाचे बोल्ट चाकाच्या नटांसारखे आवळले होते.

"जास्त आवळलं तर तीन गोष्टी होतात," काका बोटे मोजत म्हणाले. "पॅकिंग चेपून फुटतं. पत्रा वाकतो. नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे जातात. आणि आटे गेले की मग बोल्ट नुसता फिरतच राहतो. पॅकिंगला दाबायचं असतं, चिरडायचं नसतं. दबलेलं पॅकिंग उलट वर रेटतं ना, त्या रेट्यानंच तेल अडतं."

पुन्हा उसळी घेण्याची ताकद

दबून पुन्हा उसळी घेणे, हाच पॅकिंगचा खरा गुण. तो गेला तर काय होते, हे जगाने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. परतल्यावर ती हकिकत मी वर्गात सांगितली.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. आतले सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांच्यात क्रिस्टा मॅकऑलिफ नावाच्या एक शिक्षिका होत्या. यानाला जोडलेल्या अग्निबाणाचे भाग जिथे एकमेकांना जोडले होते, तिथे रबराच्या कड्या होत्या. त्यांना ओ-रिंग म्हणतात. त्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. थंडीने रबर ताठरले, फट वेळेवर भरून निघाली नाही आणि तिथून तापलेला वायू बाहेर पडला. त्याच्या आदल्या रात्री काही अभियंत्यांनी थंडीच्या या धोक्याची सूचना दिली होती. पण ती मानली गेली नाही.

पुढे चौकशी समितीसमोर शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी एक साधा प्रयोग केला. त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबला आणि बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर तुकडा लगेच मूळ आकारात आला नाही. एक पेला बर्फाचे पाणी, आणि साऱ्या जगाला कळेल असे उत्तर!

मामांच्या गाडीत थंडीने नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर ताठरले होते. कारण वेगळे, पण दुखणे तेच. आणि झाकणातून गळणारे तेल खाली कुठे पडत होते, ठाऊक आहे? धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर. तोच तो जळका वास. अशा तेलाने कधीकधी आगही लागू शकते, असे काकांनी सांगितले तेव्हा मामांचा चेहरा उतरला. त्याच सीटच्या मागे रोज आमची मुले बसत होती.

कागदावरचा थेंब

सोमवारी मुलांनी चिंचेखाली जुने वर्तमानपत्र अंथरले. व्हॅन त्यावर उभी करायची आणि शाळा सुटताना थेंब मोजायचे, असे ठरले. वर्गाच्या भिंतीवर तक्ता लागला.

पहिल्या दिवशी कागदावर चार थेंब! वर्ग हिरमुसला. दुसऱ्या दिवशी दोन. मामा तडक पाना घेऊन आले. "थोडं सैल राहिलं असणार. एक पीळ देतो."

"मामा, नका आवळू!" दहाही मुले एकदम ओरडली. ज्याने घामाचा प्रश्न विचारला होता, तो तर गाडीच्या दारातच आडवा उभा राहिला. "आधी काकांना विचारा."

फोन लावला. काका हसले आणि म्हणाले, "इंजिनाच्या बाहेरनं जुनं तेल बसलंय, ते गरम होऊन ओघळतंय. फडक्यानं पुसा, पॅकिंगच्या कडेला बोट लावून बघा. बोट कोरडं असेल तर पान्याला हात लावू नका."

इंजिन गार झाल्यावर मामांनी बोट लावून पाहिले. कोरडे होते. खालचे तेल पुसून घेतले. बुधवारी एक थेंब. गुरुवारी आणि शुक्रवारी कागद कोरा. शनिवारी पाऊस झाला आणि चिंचेखाली साचलेल्या पाण्यावर थोडासा तवंग दिसला. तो मातीतल्या जुन्या तेलाचा. तो मात्र पॅकिंग बदलून लगेच जात नाही.

मुलांनो, हे काम तुम्ही एकट्याने करायचे नाही. तापलेले इंजिन, बॅटरी, तेल, सगळेच जपून हाताळायचे असते. पण एक काम तुम्ही नक्की करू शकता. तुमच्या घरची गाडी किंवा तुमची शाळेची रिक्षा जिथे उभी असते, तिथे रात्री एक कागद अंथरा आणि सकाळी बघा. आणि पालकहो, कागदावर डाग दिसला तर 'थेंबभरच तर आहे' म्हणू नका. गाडी सपाट जागी उभी असताना तेलाची पट्टी बाहेर काढून पातळी बघा आणि जाणत्या मेस्त्रीला दाखवा. काढलेले जुने तेल गटारात ओतू नका. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते गॅरेजमध्येच जमा करावे.

आता व्हॅनमध्ये जळका वास येत नाही. चढावर डोके दुखणारी मुलगी खिडकीशी बसून गाणी म्हणते. मामा मात्र रोज सकाळी गाडी लावली की खाली वाकून बघतात. परवा मी विचारले, "काय मामा, घाम येतोय का?"

मामा म्हणाले, "न्हाई बाई. पण बघायची सवय लागली."